एकपानी जबाब

गजर वाजायला पाच मिनिटे असतानाच हवालदारांनी हात लांब करून तो बंद केला. पावणेसहा. त्यांनी अंथरुणाची घडी घातली, पेलाभर पाणी प्यायले आणि आरशावरचा दिवा लावून ते दाढीला उभे राहिले. उजव्या कल्ल्यापासून सुरुवात आणि हनुवटी सर्वांत शेवटी, हा क्रम तेहतीस वर्षांत बदललेला नव्हता. मग गणवेशाच्या सदऱ्याला इस्त्री केली: आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. पट्ट्याचे पितळी बक्कल त्यांनी जुन्या मोज्याने घासले. नंतर खिडकीजवळच्या टेबलाशी बसून तीन पेने कालच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर चालवून पाहिली. दोन नीट चालली. तिसरे अडखळले, ते त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकले. खरे तर आज त्यांना काहीच लिहायचे नव्हते. आज त्यांना बोलायचे होते, आणि हाताला जितका सराव होता तितका जिभेला नव्हता.

सात वाजून दहा मिनिटांनी कुलपात किल्ली फिरली. बायको रुग्णालयात परिचारिका होती; रात्रपाळी संपवून आली होती. चपला काढता काढता तिने नवऱ्याकडे एकदा नीट पाहून घेतले.

"उठलात, की झोपलाच नाहीत?"

"झोपलो होतो की."

"मग डोळ्यांना सांगा तसं. ते वेगळाच जबाब देतायत."

हवालदार हसले नाहीत. तिने चहाचे आधण ठेवले आणि ओट्याला पाठ टेकून उभी राहिली. "काय ठरवलंत?"

"ठरवायचं काय त्यात? साहेबांनी ठरवून दिलंय."

साहेबांनी ठरवून दिलेले वाक्य एकच होते: जबाबात नाही, म्हणजे साक्षीदाराने सांगितले नाही. काल संध्याकाळी ठाण्याच्या निरीक्षकांनी हवालदारांना खोलीत बोलावून ते दोनदा म्हणून दाखवले होते. "यापुढं एक अक्षर नको," ते म्हणाले होते. "तुम्ही एकदा तोंड उघडलंत, की उद्यापासून प्रत्येक वकील आपला प्रत्येक जबाब उकरत बसेल. चार महिने राहिलेत तुमचे. हार घालून घ्या आणि सुखानं घरी जा. चौकशीची नोटीस घेऊन कशाला जाता?"

ठाण्यात जबाब लिहिण्याचे काम गेली कित्येक वर्षे हवालदारांकडेच होते, आणि त्यांना सगळे 'एकपानी' म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत. साक्षीदार दहा मिनिटे बोलो की दोन तास, हवालदारांचा जबाब पान उलटू देत नसे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका जुन्या फौजदाराने त्यांना हा मंत्र दिला होता. "जबाब म्हणजे पुराण नव्हे. दोरी जितकी लांब, तितक्या गाठी जास्त, आणि गाठ दिसली की वकील ती सोडवत बसतो." हवालदारांनी तो मंत्र मनोभावे पाळला. साक्षीदार बोले, ते कच्च्या कागदावर टिपून घेत, मग त्यातले पाल्हाळ गाळून एका पानाचा सुबक, ठसठशीत जबाब तयार करीत आणि कच्चा कागद फाडून टाकीत. नवे शिपाई त्यांच्या अक्षराकडे पाहत राहत. हवालदारांनाही त्याचा अभिमान होता, आणि तो लपवण्याची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

या खटल्यातले गाळलेले पाल्हाळ आता मानेवर बसले होते.

चौदा महिन्यांपूर्वी, थंडीतल्या एका सकाळी साडेपाचला, एका जुन्या दुमजली इमारतीच्या जिन्यात तिथेच वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घड्याळजींना कुणीतरी मागून ढकलले. म्हाताऱ्याचा खुबा मोडला. ढकलणाऱ्याचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. पाहिले होते ते समोरच्या खोलीतल्या इस्त्रीवालीने. ती पहाटेच उठून कामाला लागे. दार उघडायला आणि जिन्यात ते घडायला एकच गाठ पडली. ढकलणारा घरमालकाचा पुतण्या होता, असे तिने त्याच दिवशी ठाण्यात येऊन सांगितले. घरमालकाला दोन्ही खोल्या रिकाम्या करून हव्या होत्या, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होते. पुतण्याला अटक झाली, जामीन झाला, खटला उभा राहिला.

आणि मागच्या आठवड्यात इस्त्रीवालीची उलटतपासणी झाली. त्या जिन्याला खिडकी नाही. दिवा नसेल तर थंडीत साडेपाचला तिथे स्वतःचा हात दिसत नाही. मग तुला माणूस कसा दिसला, असे विचारल्यावर ती म्हणाली, दिवा चालू होता. जुना बल्ब कित्येक महिने गेलेला होता, घरमालक बदलत नव्हता, म्हणून आदल्या संध्याकाळी मीच स्टुलावर चढून नवा लावला. आरोपीच्या वकीलबाईंनी जबाब पुढे धरला. यात दिवा कुठे आहे? एका पानात दिव्याचा शब्द नव्हता. सगळा खटला त्या एका शब्दावर येऊन टांगला होता: दिवा नंतर सुचलेला असेल तर इस्त्रीवाली खोटी आणि पुतण्या मोकळा. आता जबाब लिहिणाऱ्याला पिंजऱ्यात उभे करून विचारले जाणार होते, तिने तुम्हाला हे सांगितले होते का?

सांगितले होते. हवालदारांना ते लख्ख आठवत होते. घरमालकाविरुद्धचे रडगाणे समजून त्यांनीच ते गाळले होते.

"एक विचारू?" हवालदारांनी बशीत चहा ओतला. "तुमच्याकडं एखादीनं औषध दिलं, पण तक्त्यावर लिहायचं राहिलं, तर?"

"तर पुढची नर्स समजते, दिलंच नाही. आणि पुन्हा देते."

"मग?"

"मग काय? आठवलं की फोन करायचा. 'दिलंय, लिहिलं नाही, पुन्हा देऊ नका.' मी दोनदा केलाय असा फोन. दोन्ही वेळा मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझी पूजा बांधली." तिने त्यांच्या पुढची बशी उचलून त्यातला एक घोट घेतला. "पण रोग्याला दोनदा औषध गेलं नाही. तुमच्यात रोगी कोण आहे, तेवढं बघा. मी झोपते आता. डबा ओट्यावर आहे."

न्यायालयाच्या व्हरांड्यात लाकडी बाकांची रांग होती आणि भिंतीवर पाठी टेकून टेकून पाठींच्या उंचीवर एक काळपट पट्टा उमटला होता. शेवटच्या बाकावर घड्याळजी बसले होते. काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये, हात काठीवर. हवालदारांना पाहून ते सरकले.

"बसा. तुमचं घड्याळ तीन मिनिटं पुढं आहे."

हवालदारांनी मनगट पाहिले. "एवढ्या लांबून कसं कळलं?"

"आयुष्य गेलं त्यात. राहू द्या पुढं. कोर्टात कुणीतरी पुढं असलेलं बरंच."

हवालदार त्यांच्या शेजारी बसले खरे, पण त्या म्हाताऱ्याच्या काठीकडे त्यांना पाहवेना. घड्याळजींना दिव्याची भानगड माहीत होती की नाही, कोण जाणे. ते काही विचारीत नव्हते. बाकावरून उठताना त्यांनी आधी काठी टेकली, मग बाकाची कड धरली, मग एक पाय पुढे घेतला, आणि पुन्हा थांबून श्वास घेतला. रोगी कोण, हे शोधायला हवालदारांना फार लांब जावे लागले नाही.

सरकारी वकील लगबगीने आले. गोलमटोल गृहस्थ, घसा सदा बसलेला, त्यामुळे तोंडात सदा खडीसाखर. "हवालदार, तुम्ही काय बोलायचं हे मी सांगणार नाही, सांगूही नये. फक्त विचारलेल्याचंच उत्तर द्या. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा. 'बहुतेक' म्हणू नका. 'बहुतेक' या शब्दानं माझे निम्मे केस गेलेत." आणि त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, तिथे उरलेल्या निम्म्यांपैकीही फारसे काही नव्हते.

साडेअकराला पुकारा झाला.

खोली लहान होती. उंचावर न्यायाधीश, त्यांच्यापुढे लघुलेखक, डावीकडे आरोपी: स्वच्छ पांढरा सदरा, नुकतेच कापलेले केस. मागच्या बाकावर इस्त्रीवाली बसली होती. तिची साक्ष संपली होती, म्हणून तिला आत बसायला मनाई नव्हती. तिने हवालदारांकडे पाहिले, पण ओळख दाखवली नाही.

वकीलबाई सावकाश उठल्या. त्यांचा आवाज इतका मऊ होता की हवालदारांना एखादी शिक्षिका हजेरी घेत असल्यासारखे वाटले.

"हवालदार, साक्षीदार बाईंनी इथं सांगितलं की ढकलण्याआधी आरोपी ओरडला, 'आज तुला सोडत नाही.' तुम्ही लिहिलेल्या जबाबात हे आहे?"

"नाही, मॅडम."

"तिनं तुम्हाला हे सांगितलं होतं?"

हा प्रश्न हवालदारांच्या मनातल्या तयारीत नव्हता. त्यांनी त्या दिवशीची ठाण्यातली खोली आठवली, टेबल आठवले, बाईचा चेहरा आठवला. जिना, धक्का, काठी खाली गडगडत गेल्याचा आवाज, हे सगळे तिने सांगितले होते. ओरडणे नव्हते. 'हो' म्हटले असते तर खटल्याला टेकूच मिळाला असता, आणि खोटे ठरवायला कच्चा कागद कुठे होता?

"नाही. असं तिनं मला सांगितलं नव्हतं."

सरकारी वकिलांच्या गालातली खडीसाखर हलायची थांबली. वकीलबाईंनी समाधानाने मान डोलावली.

"आणि जिन्यातला दिवा चालू होता, हेही जबाबात नाही."

"नाही."

"कारण तेही तिनं तुम्हाला सांगितलं नव्हतं."

साहेबांनी दिलेले वाक्य जिभेवर तयार होते. त्याला फक्त ओठ उघडून बाहेर सोडायचे होते.

"सांगितलं होतं, मॅडम," हवालदार म्हणाले. "मी लिहिलं नाही."

लघुलेखकाची बोटे क्षणभर अडली आणि पुन्हा चालू झाली.

"असं?" वकीलबाईंचा आवाज तितकाच मऊ राहिला. "चौदा महिन्यांपूर्वीचं. त्यानंतर किती जबाब लिहिलेत आपण?"

"तीनशेच्या वर असतील."

"आणि त्यात हा एक बल्ब तेवढा आठवतो. खटल्याला लागतो तेवढाच. स्मरणशक्ती फारच गुणी म्हणायची."

"बल्ब नाही, मॅडम, माझं बोलणं आठवतं," हवालदार म्हणाले. "ती बल्बचं फार लांबण लावत होती. घरमालक लावत नाही, मी स्वतः आणला, स्टूल शेजारणीचं, सगळं. मी वैतागून म्हणालो, 'बाई, हे पोलीस ठाणं आहे, वायरमनचं दुकान नाही.' त्यावर ती म्हणाली, 'वायरमन ऐकत असता तर तुमच्या दारात कशाला आले असते?' खोलीत दोघं शिपाई होते, ते हसले. मला उत्तर सुचलं नाही. म्हणून लक्षात राहिलं."

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशांनी नुसती पेन्सिल वर केली, तो विरला.

वकीलबाईंनी जबाबाचा कागद त्यांच्या हातात दिला. "शेवटची ओळ वाचा."

हवालदारांना ती वाचायची गरज नव्हती. ती त्यांनी आयुष्यात हजारो वेळा लिहिली होती. "'माझा जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.'"

"वाचून दाखवला होता?"

इथे साहेबांचे वाक्यही कामाचे नव्हते. 'हो' म्हटले, तर बाईने बल्ब नसलेला जबाब ऐकून मान्य केला असे होत होते. 'नाही' म्हटले, तर स्वतःच्या हाताने, त्या देखण्या अक्षरात, आपण खोटे लिहिले असे होत होते. हवालदारांनी कागदाकडे पाहिले. अक्षर खरोखरच चांगले होते.

"नाही."

"म्हणजे ही ओळ खोटी आहे."

"हो. ती ओळ आम्ही सवयीनं लिहितो." ते थांबले. "मी सवयीनं लिहितो."

"अशा सवयीनं आणखी किती जबाबांत काय काय गाळलंत, हवालदार? किती माणसं त्या एका पानावर..."

सरकारी वकील उठण्याआधीच न्यायाधीशांनी मान हलवली. "हा प्रश्न या खटल्याचा नाही. पुढे चला."

"मला एवढंच म्हणायचंय, की हा साक्षीदार पोलिसांचा माणूस आहे आणि बुडता खटला वाचवायला इथं उभा आहे."

"तसं असतं तर तुमच्या पहिल्या प्रश्नालाही ते 'हो' म्हणाले असते," न्यायाधीश कोरडेपणाने म्हणाले. "युक्तिवाद शेवटी करा, मी ऐकेन." मग ते हवालदारांकडे वळले. "ती बाई साधारण किती वेळ बोलली?"

"पाऊण तास, साहेब."

"आणि जबाब एक पान. का?"

हवालदारांनी तोंड उघडले. जुन्या फौजदाराचा मंत्र, दोरी, गाठी, सगळे सांगता आले असते. "लिहिणारा मी होतो, साहेब," ते म्हणाले. "काय महत्त्वाचं ते मीच ठरवत होतो."

न्यायाधीशांनी पेन्सिलीने काहीतरी टिपले. "ठीक आहे. उतरा."

ओरडा झाला नाही, ताशेरा झाला नाही, आकाशही कोसळले नाही. हवालदार व्हरांड्यात आले आणि तिथे त्यांना एक विचित्र गोष्ट जाणवली: त्यांना कडकडून भूक लागली होती. दोन दिवस घास गिळवत नव्हता. आवारातल्या झाडाच्या पाराशी बसून त्यांनी डबा उघडला आणि चाटूनपुसून रिकामा केला.

झाकण लावत होते तोच समोर इस्त्रीवाली येऊन उभी राहिली. बुटकी, दणकट बाई; उजव्या मनगटावर इस्त्रीच्या चटक्याचे जुने व्रण.

"एक गोष्ट खरी केलीत माझी, अन् एक खोटी पाडलीत," ती म्हणाली.

"जे झालं तेच सांगितलं."

"तेच म्हणते." ती पाराच्या दुसऱ्या टोकाला टेकली. "मला वाटलं होतं, दोन्ही खोट्या पाडाल. पोलिसाला स्वतःचा कागद प्यारा."

हवालदारांनी डबा पिशवीत ठेवला. "ओरडला होता का हो तो?"

तिने पदराने तोंड पुसले. "ओरडला असेल. म्हणजे... खरं सांगू, हवालदारदादा? त्या दिवसापासून जो तो विचारतो, 'काय बोलला का तो? काय बोलला?' शेजारीण विचारते, भाऊ विचारतो, दुकानदार विचारतो. विचारून विचारून मलाच ऐकू यायला लागलं. आता मी शपथेवर सांगितलंय आणि आज मलाच खात्री नाही. पण धक्का मी बघितला. दिव्यात बघितला. बल्ब माझ्या हातानं लावलेला."

"माहीत आहे."

"ते जबाब वाचून दाखवायचं मात्र तुम्ही करायला हवं होतं. तिथंच बोलले असते ना मी, 'अहो, बल्बचं राहिलं.' एवढं कोर्ट, एवढी माणसं, एवढा घोर कशाला लागला असता? दोन मिनिटांचं काम."

"चुकलं माझं," हवालदार म्हणाले. कुणाही साक्षीदाराला हे दोन शब्द त्यांनी आजवर म्हटले नव्हते. ते म्हणायला फारसे जड गेले नाहीत, याचेच त्यांना नवल वाटले.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. हवालदार साध्या कपड्यांत मागच्या बाकावर जाऊन बसले. न्यायाधीशांनी निकालपत्रातला महत्त्वाचा भाग वाचून दाखवला, आणि हवालदारांना त्यातली वाक्ये एकेक करून कळत गेली. पोलिसांपुढचा जबाब हा साक्षीदाराच्या तोंडचा शब्द नसतो, तो पोलिसाने केलेला सारांश असतो. त्यात एखादी गोष्ट नाही, एवढ्यावरून साक्षीदार खोटा ठरत नाही. राहून गेलेली गोष्ट कळीची असेल, आणि घडली असती तर कुणीही आधी तीच सांगितली असती अशी असेल, तरच तिचे न सांगणे विसंगतीच्या तोलाचे धरावे लागते. आरोपीची धमकी तशी होती; ती साक्षीदाराने तेव्हा सांगितली नव्हती, म्हणून न्यायालय ती बाजूला ठेवत होते. दिवाही कळीचाच होता. पण तो साक्षीदाराने सांगितला होता, लिहिणाऱ्याने तो लिहिला नव्हता. लिहिणाऱ्याची चूक सांगणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. स्वतःला अडचणीचे आणि फिर्यादी पक्षालाही गैरसोयीचे उत्तर देणाऱ्या हवालदारावर विश्वास ठेवायला न्यायालयाला अडचण वाटत नव्हती. एका तपशिलात भर पडली म्हणून बाईची सगळी साक्ष टाकून देणे म्हणजे वाळल्याबरोबर ओलेही जाळणे होते. जबाब वाचून न दाखवता दाखवल्याचे लिहिण्याच्या प्रथेबद्दल मात्र पोलीस खात्याने गंभीरपणे विचार करावा, असे एक वाक्य होतेच. आरोपी दोषी होता.

घड्याळजींनी काठीवरचे हात काढले, पंजे उघडून पाहिले आणि पुन्हा काठीवर ठेवले. "झालं बाबा," ते स्वतःशीच म्हणाले. "झालं एकदाचं." बाहेर आल्यावर सरकारी वकिलांनी कागदाची पुडी काढून सगळ्यांना खडीसाखर वाटली. इस्त्रीवालीने दोन खडे उचलले, एक तोंडात टाकला, एक रुमालाच्या टोकाला बांधला.

ठाण्यात साहेबांचाही जीव भांड्यात पडला होता. "वाचलात हो, एकपानी!" ते म्हणाले. "शिक्षा लागली, म्हणून सगळं पोटात गेलं. ते एक वाक्य आहे खात्याबद्दल, पण तुमचं नाव नाही त्यात. आता उरलेले दिवस गप्प राहा, एवढीच हात जोडून विनंती."

"साहेब, एक अर्ज आहे."

"रजेचा? मंजूर."

"नाही. त्या गोदामातल्या चोरीच्या खटल्याचा."

गेले तीन आठवडे हवालदारांच्या मनात वकीलबाईंचा तो अर्धवट राहिलेला प्रश्न घोळत होता. न्यायाधीशांनी तो गैरलागू ठरवला होता, आणि त्या खटल्यापुरता तो होताही. पण आणखी किती, हे मोजायला बसल्यावर हवालदारांना पहिला आठवला तो गोदामाचा रखवालदार. म्हातारा सांगत होता, 'पाठमोरा होता. चालीवरून आमच्या गोदामातला तो हमालच वाटला. पण शपथेवर नाही सांगता येणार, डोळे अधू आहेत माझे.' आणि हवालदारांनी लिहिले होते, 'मी त्यास ओळखले.' पान संपत आले होते. हमाल दोन महिन्यांपासून कोठडीत होता, आणि पुढच्या महिन्यात रखवालदाराला तेच पान दाखवून विचारले जाणार होते, तेव्हा ओळखले म्हणाला होतास, आता का फिरतोस?

साहेबांनी अर्ज वाचला; रखवालदाराचे खरे म्हणणे त्यात लिहिले होते. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या.

"चार महिनेसुद्धा नाही राहिले तुमचे. तीन आणि काही दिवस. दम निघत नाही का?"

"माझे तीन महिने आहेत, साहेब. त्याचेही महिनेच चाललेत."

साहेबांनी अर्जाची एक प्रत ठेवून घेतली आणि दुसरी हवालदारांकडे सरकवली. "मी पाहिलं, एवढंच लिहितो. पटलं, असं लिहिणार नाही."

"तेवढं पुरे."

सरकारी वकिलांच्या कार्यालयाची आवक खिडकी पाच वाजता बंद होत असे. हवालदार पोचले तेव्हा कारकून टेबल आवरत होता. त्याने अर्ज घेतला, न वाचता शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि कागद ढिगाच्या तळाशी सरकवायला हात घातला.

"तातडीचं काही आहे का?"

"आहे," हवालदार म्हणाले. "माणूस आत आहे."

कारकुनाने एकदा त्यांच्याकडे पाहिले, हात मागे घेतला आणि कागद सगळ्यांत वर ठेवला.